तिसऱ्या हाकेच्या आत

सोमवार, १९ एप्रिल २००४

गाई व्यायल्या. आता जून संपेपर्यंत कोणाला उसंत नाही. सहा टँकर, दहा चालक आणि डोंगरापासून नदीपर्यंतचे सगळे गोठे. दूध कोणासाठी थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबत नाही.

ही वही पशुखाद्यवाल्यांनी नाताळात दिली. प्रत्येक पानाच्या कडेला छापलंय, आज गाय फळली तर कधी विणार. माणसांचं मात्र काही छापलेलं नाही, ते आपलं आपण लिहायचं.

दूधसंघाचं पत्र आलंय. रस्त्यावरची सुरक्षा सुधारायला ते प्रत्येक ठेकेदाराकडे एक बाई पाठवणार आहेत, मे महिन्यात. डिंप्नाने पत्र वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. बायको आहे, शिवाय कचेरीही तीच सांभाळते, त्यामुळे तिला दोन्हीकडून बघता येतं. मी म्हटलं, येऊ दे. आपल्याकडे सुरक्षा आधीपासूनच आहे. ती या खुर्चीत बसते आणि तिचं नाव मॉसी क्रेमिन, म्हणजे मी.

थट्टा नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका चालकाला, डेनी-जोला, स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि भरला टँकर चरात गेला. त्याला ओरखडाही आला नाही, पण मी हादरलो. त्या आठवड्यात सगळ्या गाड्यांत वायरलेस बसवला. दऱ्यांमध्ये मोबाइल चालत नाहीत, वायरलेस चालतो. सकाळी सहापासून मी इथून बोलतो. जो एकटा असतो तो पेंगतो. त्याला बोलतं ठेवलं की तो जागा राहतो. नियम एकच: मी नाव घेतलं की तिसऱ्या हाकेच्या आत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर मी समजणार, झोपला.

कोणत्या गाडीवर नजर ठेवायला यंत्र नको मला. वायरलेसवर बोलणाऱ्याच्या मागे इंजिन कसं ओरडतंय त्यावरून मी सांगतो, कोण कोणत्या चढावर आहे. हे कान दुधाचे कॅन वाहण्याच्या दिवसांपासूनचे आहेत.


मंगळवार, २७ एप्रिल

साडेदहाचा प्रश्न छान रंगला. रोज एक विचारतो, गावातलं काहीतरी. तिसऱ्या हाकेच्या आत उत्तर द्यायला जो चुकेल त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी बेकरीतून बन आणायचे. आज बॅट लूसी चुकला. तीन हाका झाल्या, चौथी झाली, मग म्हणतो कसा, "वळणावर होतो, मॉसी."

डेनी-जो लगेच मध्ये पडला, "बावीस वर्षं झाली, या माणसाचं वळण काही संपत नाही." सगळ्या गाड्यांतून हसू आलं. बॅटचं नाव पडलंय, वळणावरचा म्हातारा. चोपन्नचा आहे, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझ्याकडे आला तेव्हा माझ्याजवळ एकच गाडी होती आणि तिचाही दरवाजा दोरीने बांधलेला.

या महिन्यात तिसऱ्यांदा बन त्याच्याकडे. मी म्हटलं, बेकरीवाल्याशी लग्न लाव आता. तो म्हणाला, बरं, पुढच्या वेळी उत्तर देईन.


मंगळवार, ४ मे

नीट लिहायला हवं.

काल सुट्टी होती, त्यामुळे आज टाक्या काठोकाठ. सकाळपासून सगळे धावत होते. साडेदहाला मी प्रश्न टाकला: रविवारी नूननच्या बैलाने कोणाला झाडावर चढवलं? दोघांनी चुकीची नावं सांगितली. मग मी म्हटलं, बॅट. बॅट, ऐकतोयस का. त्याने दुसऱ्या हाकेलाच उत्तर दिलं. म्हणाला, "फादरना. थांब, मॉसी..." आणि मग नुसती खरखर.

मी बाकीच्यांना म्हटलं, म्हातारा पुन्हा वळणावर. ते हसले. म्हणजे, काहीजण हसले.

वीस मिनिटांनी डिंप्ना आत आली. तिच्या हातात फोन होता आणि ती तो कानाला न लावता उभी होती.

कूमच्या वळणावर असम्प्टा रिअर्डनची टपालगाडी एका फाटकाशी उभी होती. ती उतरून पेटीत पत्रं टाकत होती. बॅटचा टँकर वळणावरून आला आणि तिला तिच्याच गाडीवर दाबलं. मी पोचलो तोवर तिला घेऊन गेले होते. बॅट गवतात गुडघ्यांवर होता आणि पत्रं गोळा करत होता. घरांच्या क्रमाने लावत होता. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, नूननचं एक सापडत नाहीये.

मी त्याच्या गाडीत चढून इंजिन बंद केलं. वायरलेसचा माइक वायरीला लोंबत दारातून बाहेर आला होता. तो उचलून जागेवर अडकवला. गाडी नीटनेटकी ठेवायची सवय लागलेली असते हाताला.

पोलीस त्यानंतर आले.


बुधवार, ५ मे

असम्प्टाचा डावा पाय गुडघ्याच्या वरून काढला. जगेल म्हणतात.

सार्जंट टँग्नी येऊन गेला. बॅटला सरळ विचारलं, नजर कुठे होती. बॅटने कबूल केलं की रस्त्यावर नव्हती. असम्प्टाने शस्त्रक्रियेला नेण्याआधी सांगितलंय की त्याच्या तोंडाशी काहीतरी होतं, पाव खात असावा. बॅटला ते विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, पाव खात होतो.

सार्जंट म्हणाला, परवाना तर जाईलच, पण पाव खाता खाता बाईचा पाय गेला म्हटल्यावर न्यायाधीश तुरुंगात पाठवल्याशिवाय राहणार नाही. कागद चोवीस तारखेला वर, सरकारी वकिलाकडे जातील.

मला एक कळत नाही. बॅट गाडीत खात नाही. त्याच हातांनी दुधाचा नमुना घ्यायचा असतो म्हणून तो टाकीत पूर्ण दूध ओढून होईपर्यंत उपाशी असतो, बावीस वर्षं. धक्क्याने माणूस काहीही बोलतो.


शुक्रवार, ७ मे

कूमच्या वळणावर जाऊन टेपने मोजून आलो. झुडपांचं कुंपण रस्त्यावर सव्वा मीटर पुढे आलंय. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात म्हणून कापायला बंदी, आणि फेब्रुवारीत काउंटीच्या रस्तेखात्याच्या माणसांना वेळ नव्हता. हे आहे खरं कारण. त्यांना दोन पानी पत्र लिहिलं, डिंप्नाने टाइप केलं. टाइप करून झाल्यावर तिने विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, फोटोपण जोडायचेत.

वायरलेसवर कोणी बोलत नाही. हाक मारली की उत्तर येतं, एका शब्दाचं. डेनी-जोसुद्धा. दुःख आहे, साहजिक आहे. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये. मी आज दुप्पट बोललो.

बॅटच्या जागी मीच गाडी घेऊ म्हटलं तर डिंप्ना म्हणाली, मग बोलणार कोण? तिच्या आवाजात काय होतं ते ओळखता आलं नाही. एरवी येतं.


बुधवार, १२ मे

सुरक्षावाली बाई आली. गॉबनेट तिचं नाव, आजीकडून आलेलं असणार. चाळिशीची, चिखलातले बूट घालून आली, त्यामुळे माझं मत लगेच चांगलं झालं. तिचे वडील वाळूचा ट्रक चालवायचे, म्हणाली. आता काय करतात विचारलं, तर म्हणाली, आता कोणीतरी त्यांना चालवतं. चाकांच्या खुर्चीत असतात.

टायर पाहिले, सीटचे पट्टे पाहिले, गोठ्यांतून मागे गाडी घेताना कोण उतरून बघतं ते विचारलं. तिला सगळं पसंत पडलं. वायरलेस दाखवला. मी सगळा इतिहास सांगितला, डेनी-जोची डुलकी, तीन हाकांचा नियम, बन. ती हसली नाही, पण वहीत बरंच लिहून घेतलं. मला वाटलं, दुसऱ्या ठेकेदारांना सांगायला नेतेय.

मग तिने चालकांना एकेक कोरी चिठ्ठी दिली. गेल्या महिनाभरात तुमची नजर किंवा हात रस्त्यावरून कशामुळे सुटला, एवढंच लिहायचं, नाव नको. चिठ्ठ्या टाकायला पेटी नव्हती, म्हणून तिने नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या मागितल्या. प्रत्येकाने चिठ्ठी गुंडाळून बाटलीत घालायची, झाकण लावायचं आणि नेहमीच्या थंड पेटीत ठेवायची. मला ती युक्ती इतकी आवडली की मी तिला म्हटलं, बाई, दुधात काय भेसळ आहे ते कळेल आता.

ती म्हणाली, "बहुतेक कळेलच. वाचताना तुम्ही असाल ना, मिस्टर क्रेमिन?"


शुक्रवार, १४ मे

नऊ बाटल्या.

कचेरीच्या टेबलावर आम्ही तिघं. गॉबनेटने झाकणं उघडली आणि चिठ्ठ्या मला वाचायला दिल्या, मुद्दाम.

पहिली: वायरलेस. दुसरी: वायरलेस, वळणावर, रोज. तिसरीत एकाने बायकोशी भांडण लिहिलं होतं आणि त्याखाली, आणि मालकाचे प्रश्न. चौथीत नुसतं 'मॉसी'. पाचवीत मोठ्या अक्षरांत: मी नाही हसलो. सहावी: एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने माइक, भरली गाडी, आणि बनची भीती. सातवीत कुत्रा. आठवी आणि नववी मी वाचली नाही. डिंप्नाने वाचली आणि पालथी ठेवली.

मी काय बोललो ते लिहून ठेवतो. बोललो की हा कट आहे. म्हटलं, मीच यांना जागं ठेवतो, दोन वर्षांत एकही जण झोपला नाही, त्याचं कोणाला काही नाही. म्हटलं, माझ्यामुळे यांची पोरं शाळेत जातात. गॉबनेटने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्या दिवशी पावणेअकराला तुम्ही कोणाशी बोलत होता?

मी सांगितलं, सगळ्यांशी.

डिंप्ना म्हणाली, "मॉसी. त्या दिवशी घरी आल्यावर तू मला सांगितलंस, माइक दारातून बाहेर लोंबत होता आणि तू तो आत अडकवलास. मी दहा दिवस वाट बघतेय, तुला कधी ऐकू येईल म्हणून."

गॉबनेट पेन टोपणात घालून बाहेर गाड्या बघायला गेली.


शनिवार, १५ मे

वायरलेस सुरू केला नाही. सगळ्या गाड्या वेळेवर परत आल्या. कोणी झोपलं नाही.


सोमवार, १७ मे

बॅटच्या घरी गेलो. अंगणात बटाट्यांना माती लावत होता. मी फाटकाशी उभा राहिलो, बोलावं कसं ते सुचेना. असं मला कधी होत नाही.

शेवटी म्हटलं, तू पाव खात नव्हतास.

त्याने फावडं थांबवलं नाही. म्हणाला, "असम्प्टाने पाव पाहिला, मग पाव होता."

मी म्हटलं, तोंडाशी माइक होता.

"मॉसी, ऐक. सहा गाड्या आहेत. दहा घरं त्यावर चालतात. मालक भर रस्त्यात चालकांना कोडी घालतो असं वर गेलं की संघ त्याच दिवशी काम काढून घेईल. मी एकटा आहे. माझं जायचं ते गेलं." मग फावडं मातीत रोवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आणि तू प्रश्न विचारलास, पण हात माझा होता. मी माइक उचलला नसता तर? नुसते बन आणावे लागले असते."

मी म्हटलं, "तीन शुक्रवार तू आणले होतेस."

"चौथा नको वाटला," तो म्हणाला.

एवढंच. आम्ही मग बटाट्यांविषयी बोललो.

परत येताना जे वाटलं ते लिहिलं नाही तर ही वही चुलीत घालावी. बरं वाटलं. तो गप्प राहणार होता. मी गाडी चालवता चालवता शीळ घालत होतो, आणि ती माझी मला ऐकू आल्यावर गाडी कडेला घेतली.


गुरुवार, २० मे

वकिलाकडे गेलो. त्याला एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमच्या मित्राला सांगा, वायरलेसचं बोलणं कुठे नोंदलेलं नसतं. ज्याने कबूल केलंय त्याने केलंय. मित्राने घरी बसावं आणि झाडांना पाणी घालावं. मी विचारलं, आणि मित्राने अपघातानंतर गाडीतली एखादी वस्तू हलवली असेल तर? वकिलाने चष्मा काढला. म्हणाला, तर मित्राने फारच गप्प बसावं.

परत आलो तर अंगणात डेनी-जो थांबला होता. त्याच्यामागे आणखी चौघं, हात खिशात. त्या दिवशी त्या वेळी जे जे गाडीवर होते, ते सगळे.

डेनी-जो म्हणाला, "मालक, आम्ही ठरवलंय. कोणी विचारलं तर त्या सकाळी वायरलेस बंद होता. आम्ही काहीच ऐकलं नाही."

मी विचारलं, बॅटला माहीत आहे का हे.

"त्यानेच सांगितलं तसं बोलायला."

गावभर तोंड वाजवणारा हा माणूस, आणि आज त्याला माझ्या डोळ्यांत बघता येईना. पाचही जण खाली बघत होते. त्यांना वाटत होतं ते मला वाचवतायत, आणि त्यातल्या एकालाही ते आवडत नव्हतं. त्यांतल्याच कोणीतरी 'मी नाही हसलो' लिहिलं होतं. कोणी, ते मी शोधलं नाही.

मी त्यांना काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, आभारी आहे. खरंच म्हणालो. ते गेले आणि मी टँकर धुवायचं पाणी सोडून उगाच स्वच्छ फरशी धूत राहिलो.


शुक्रवार, २१ मे

डिंप्नाशी भांडण. म्हणजे ती बोलली नाही आणि मी भांडलो. मी म्हटलं, तुला काय हवंय, एकाऐवजी अकरा जणांचं वाटोळं? मी एका गाडीपासून हे उभं केलं, दोरीने बांधलेल्या दरवाजापासून. ती कणीक मळत होती. शेवटी हात पुसत म्हणाली, बॅट तुरुंगात गेल्यावर त्याच्या कोंबड्यांना दाणे कोण घालणार, ते ठरवून ठेव. मी घालणार नाही.

वायरलेस सहा दिवस बंद आहे. गोठ्यातून निघण्याआधी शेतकऱ्याच्या घरच्या फोनवरून एक फोन करायचा, असं गॉबनेटने लावून दिलंय. काही बिघडलं नाही. एवढं सोपं होतं. हे सगळ्यात वाईट आहे, की एवढं सोपं होतं.


रविवार, २३ मे

उद्या चोवीस.

प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर सार्जंट भेटला. म्हणाला, लूसीचे कागद उद्या दुपारी जातात, त्याने वकीलही घेतला नाही, तू तरी समजाव. मी मान हलवली. मग तसाच असम्प्टाकडे इस्पितळात गेलो.

ती खिडकीशी खुर्चीत होती, मांडीवर घोंगडी. एका बाजूला घोंगडी सपाट. मी द्राक्षं नेली होती. ती म्हणाली, सगळे द्राक्षंच आणतात, जसा काही पाय द्राक्षांनी उगवतो.

बॅट दर रविवारी येतो, म्हणाली. येतो आणि दोन तास टोपी फिरवत बसतो. "मी त्याला एकदाही बस म्हटलं नाही. तरी बसतो. मी त्याच्या पावाला शिव्या देत पडलेय, मॉसी. रोज. त्यात हॅम होतं का चीज होतं, इथपर्यंत विचार केलाय. एक घास थांबला असता तर."

मी सांगितलं. सगळं, खुर्चीच्या काठावर बसून. पाव नव्हता. माइक होता. पलीकडे मी होतो.

तिने सपाट बाजूची घोंगडी सरळ केली. मग विचारलं, "काय विचारत होतास त्याला?"

मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

"माझा पाय गेलाय त्यात. मला ऐकायचंय."

मग मला ते शब्द म्हणावे लागले. तिथे, त्या स्वच्छ खोलीत, तिच्याकडे बघत: रविवारी नूननच्या बैलाने कोणाला झाडावर चढवलं. आणि उत्तर, फादरना.

ती म्हणाली, "फादर नव्हते ते. त्यांचा पुतण्या होता. मी नूननकडे टपाल टाकते, मला विचारायचं होतंस."

ती रडली नाही आणि हसलीही नाही. द्राक्षांची पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली. मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाली, "सार्जंटकडे मी सांगणार नाही. मी एकदा पाव सांगितला, आता पुन्हा माझ्या तोंडून नको. तुझं तोंड आहे ना चांगलं."


सोमवार, २४ मे

सकाळी सगळ्या चालकांना अंगणात बोलावलं. सांगितलं की मी ठाण्यावर चाललोय, आणि कोणी माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. संघ काम काढून घेईल बहुतेक. गाड्या जो नवा ठेकेदार घेईल त्याला मी प्रत्येकाचं नाव सांगेन. एकाने थुंकून म्हटलं की त्याने गेल्याच महिन्यात घर घेतलंय. तो बरोबर होता. डेनी-जो म्हणाला, आधी सांगितलं असतं तर आम्ही मागच्या गुरुवारी एवढी लाज सोडली नसती. तोही बरोबर होता. डिंप्नाने माझा कोट आणून दिला.

सार्जंट टँग्नी हळू लिहितो. दीड तास लागला. माझ्या प्रत्येक वाक्याची त्याने तीन केली, सरकारी. मग मला वाचून दाखवलं, आणि मी ऐकलं. आयुष्यभर मी इतरांचे आवाज ऐकून ते कुठे आहेत ते सांगत आलो. हा माणूस सपाट आवाजात वाचत होता आणि मी कुठे होतो ते कळत होतं.

एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'अपघाताच्या वेळी मी चालकाशी बोलत होतो.' मी त्याला थांबवलं. म्हटलं, ते बदला. 'मी चालकाकडून उत्तर मागत होतो.'

त्याने विचारलं, काय फरक पडतो?

मी म्हटलं, नुसतं बोलत असतो तर त्याला ऐकून सोडून देता आलं असतं.

त्याने खोडून लिहिलं. मग माइकचं आलं, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मिस्टर क्रेमिन. पुराव्याला हात लावणं हा वेगळा गुन्हा होतो, माहीत आहे ना? मी म्हटलं, लिहा.

यामुळे बॅट सुटणार नाही, हेही त्याने स्पष्ट केलं. हात स्टिअरिंगवर नव्हता तो नव्हता. शिवाय पोलिसांना खोटं सांगितलं. शिक्षा कदाचित कमी होईल. कदाचित दोघंही जाल. त्याने बॅटला बोलावणं पाठवलं आणि मला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं.

बॅट पायीच आला, बुटांवर बटाट्यांची माती. मला बघितलं आणि सगळं समजला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग म्हणाला, "मी तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं, गप्प राहा म्हणून. बावीस वर्षांत एकदा."

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. असम्प्टाचं होतं, त्याच्या कोंबड्यांचं होतं, की मी त्याच्या बाजूने उभा राहीन, की मी आता तरी... सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. आतून सार्जंटने त्याचं नाव घेतलं. बॅट उठला नाही. भिंतीकडे बघत टोपीची कड बोटांनी सरळ करत राहिला. त्याला वेळ हवा होता.

मी काही बोललो नाही. तो आपणहून उठेपर्यंत.